आजीच्या वह्या आणि अकरा स्पुलं

मिरजेचा वाडा 31 मार्च 2024पर्यंत रिकामा करून द्यायचा होता. करार डिसेंबरातच झाला होता. त्यामुळे 6 जानेवारीला, शनिवारी, बाबा, आत्या आणि मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. कुलपाची किल्ली सापडेना, शेवटी कोयंडाच उचकटला. वर नेहमीच्या जरीच्या साड्या, त्याखाली एक शेला, आणि त्याखाली जुन्या धोतरात बांधलेली गाठोडी. एकेका गाठोड्यात हिशेबाची लांबट वही, हँडबिलं, पत्रं, आणि कुठेकुठे पुठ्ठ्याच्या चपट्या डबीत टेपचं स्पूल.

आजी-आजोबा दोघंही संगीत नाटकांत गात. नाव सांगून लगेच ओळख पटावी इतके ते मोठे नव्हते. स्वतःची कंपनीही कधी काढली नाही. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 1949मध्ये ‘मराठी रंगभूमी’ काढली आणि घरच्या सगळ्यांनी मिळून ती चालवली. तसं धाडस आमच्याकडे झालं नाही. हे दोघं कंत्राटदार बोलावेल तिथे नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे ठरलेले पैसे घेऊन, जायचे. सौभद्र, मानापमान, संशयकल्लोळ, एकच प्याला. आजोबा नायक, आजी नायिका. बालगंधर्वांनी 1905 साली ज्या मिरजेत पहिल्यांदा शकुंतला रंगवली, त्याच गावात आजी वाढली. नाटकातल्या बाईची भूमिका बाईनेच करायची हे लोकांच्या अंगवळणी पडलं होतं, त्या काळात ती उभी राहिली. लग्न 1951 साली झालं, आणि शेवटचा प्रयोग 1973 साली. आजोबा 1991मध्ये गेले, आजी 2006मध्ये.

त्या ट्रंकेपासून 3 नोव्हेंबर 2025पर्यंत, म्हणजे हे सगळं ज्या संग्रह-संस्थेला दिलं तिच्याकडून दाखल क्रमांकाचं पत्र हातात येईपर्यंत, बावीस महिने गेले. ज्यांच्या घरात अशी एखादी ट्रंक आहे आणि ज्यांना सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे सगळं ओळीने लिहिते आहे.

पहिली चूक माझी, आणि ती पहिल्याच तासात झाली. मी दोन गाठोडी सोडली, पत्रांचा एक गठ्ठा केला, हँडबिलांचा दुसरा, वह्या तिसरीकडे. दिसायला फार छान दिसत होतं. संध्याकाळी ग्रंथालयात काम करणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवला, तर तिचा तडक फोन आला. “हात लावू नकोस. जसं बांधलंय तसंच ठेव. बांधणाऱ्याने काहीतरी मनात धरून बांधलेलं असतं.” तिचं म्हणणं किती खरं होतं ते पुढे दहा महिन्यांनी कळलं. आजीने त्या त्या वर्षीची वही, त्या वर्षीची कागदपत्रं आणि त्या वर्षीचं स्पूल एकत्र बांधलं होतं. डब्यांवर एक अक्षर नव्हतं, कारण तिच्या दृष्टीने गाठोडं हीच चिठ्ठी होती. मी सोडलेल्या दोन गाठोड्यांतलं कुठलं स्पूल कुठल्या वर्षाचं, हे जुळवायला आम्हाला पुढे फार कष्ट पडले.

तेव्हा आधी हे करा. गाठोडं सोडण्यापूर्वी बाहेरून फोटो, सोडल्यावर वरून फोटो, आणि मग एकेक वस्तू उचलताना प्रत्येक थराचा फोटो. मोबाइल पुरेसा आहे. बाजूला एका कागदावर पेन्सिलीने गाठोड्याचा आकडा लिहून तो फोटोत येऊ द्यावा. पेनने काही लिहू नये, मूळ कागदावर तर नाहीच.

उरलेली नऊ गाठोडी आम्ही जानेवारी-फेब्रुवारीचे पाच शनिवार-रविवार घालून उघडली. मी पुण्याहून कोयना एक्स्प्रेसने जायचे. मोजदाद केली तेव्हा 17 वह्या, 412 पत्रं आणि पोस्टकार्डं, 160च्या आसपास हँडबिलं, आकाशवाणीची करारपत्रं, करमणूक कराच्या पावत्या, नाटकांच्या 6 नकला, 143 फोटो, 78 गतीच्या 9 तबकड्या, 11 स्पुलं आणि 38 कॅसेटी, इतकं निघालं. नकला म्हणजे फक्त आपल्या भूमिकेची भाषणं आणि पदं उतरवून घेतलेल्या वह्या. आधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, आणि मग आपलं भाषण. आजोबांच्या सौभद्राच्या नकलेत पानांच्या कडा तेलकट झाल्यात. रंग लावलेल्या हातांनी विंगेत चाळलेली ती पानं आहेत.

कागदांना कसर लागली होती, वाळवी नव्हती, हे नशीब. टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या होत्या. त्या ओढून काढायच्या नाहीत, खालून पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून कागद सोडवायचा. फाटलेल्याला सेलोटेप लावायची नाही आणि लॅमिनेशन तर चुकूनही करायचं नाही. आमच्या एका नातेवाइकांनी मायेपोटी आजीच्या सत्काराचं मानपत्र पूर्वीच लॅमिनेट करून ठेवलं होतं. ते आता आतल्या आत पिवळं पडत चाललंय आणि सोडवता येत नाही. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या. आम्लरहित कागदाचे फोल्डर आणि खोके पुण्यातून आणले, सगळे मिळून 7,400 रुपयांना. तबकड्या एकीवर एक रचून ठेवल्या होत्या. त्या उभ्या ठेवायच्या असतात, स्पुलंही उभीच. 17 मार्चला हे सारं गाडीतून पुण्याला आणलं. ट्रंक मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली होती आणि आत्या तिच्या शेजारी, सगळ्या वाटेत झाकणावर हात ठेवून.

आता वह्यांबद्दल, कारण या साऱ्या कहाणीचा जीव त्यांच्यात आहे.

आजी सातवीपर्यंत शिकलेली. प्रयोग संपला की मुक्कामी येऊन, रंग उतरवून, ती वही लिहायची. डाव्या बाजूला तारीख, गाव, नाटक आणि नाइट किती मिळाली. त्याखाली खर्च: टांगा, चहा, गजरे, तबलजींना आगाऊ दिलेले पाच रुपये. उजव्या बाजूला दोन-चार शब्दांत त्या रात्रीचं गाणं. “ह्यांना 3 वन्समोअर, मला 2.” “ऑर्गन पाण्याने फुगलेला, दोन सूर दाबले तरी उठत नाहीत.” “मोठं पद दहा मिनिटं झालं, लोक उठले नाहीत.” आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीत स्वर, म्हणजे पेटीची कुठली पट्टी षड्ज धरून गायलं ते: तिचा काळी चार, आजोबांचा काळी एक. कधी बदलला असेल तर तोही आणि का बदलला तेही. आजोबांचा उल्लेख सतरा वह्यांत एकदाही नावाने नाही. सगळीकडे ‘हे’ आणि ‘ह्यांचं’.

मार्चमध्येच मी एका संग्रह-संस्थेला पत्र लिहिलं. सोबत ढोबळ यादी जोडली. पोच आली ती महिन्याने, आणि नंतर चार फोन, दोन भेटी, असं करत जुलै उजाडला. उत्तर असं की आजोबांच्या तबकड्या आणि स्पुलं आम्ही घेऊ, फोटोंतले निवडक घेऊ, पण वह्या घरगुती हिशेबाच्या असल्याने त्या आपल्याकडेच ठेवाव्यात. त्या दिवशी मी ऑफिसात बसून रडले. वाईट नकाराचं वाटलं नाही. दोघांनी बावीस वर्षं शेजारी उभं राहून गायलं, आणि आता एकाचा आवाज कपाटात आणि दुसरीचे कागद रद्दीच्या रांगेत, हे मला सहन होईना. मी आभार मानून नकार कळवला. ज्या कुणाला तुमचा संग्रह हवा असेल त्यांना पहिल्याच भेटीत विचारा: सगळा घेणार, की वेचून? नंतर विचारलं तर चार महिने जातात.

दरम्यान एप्रिलमध्ये आणखी एक दुखणं झालं होतं. टेप ऐकायची घाई. जवळच्या एका स्टुडिओत एक स्पूल नेऊन दिलं. यंत्र किती वर्षांत वापरलं नव्हतं, त्याची डोकी, म्हणजे टेपला टेकणारे भाग, साफ केली होती की नाही, मी काही विचारलं नाही. चौथ्या मिनिटाला टेप ताणली गेली आणि तुटली. त्यांनी साध्या सेलोटेपने जोडून दिली. जी फाइल मिळाली तीही ‘स्वच्छ’ केलेली: टाळ्या दाबलेल्या, वरचे सूर कापलेले, आजीच्या तानेचं टोक बोथट झालेलं. यावरून जे शिकले ते असं. टेपच्या डबीला आंबूस, शिरक्यासारखा वास येत असेल तर ती ॲसिटेटची टेप आहे आणि तिचं विघटन सुरू झालं आहे. ती इतरांपासून वेगळी ठेवायची आणि तिचा नंबर आधी लावायचा. पांढरी बुरशी दिसली तर वाजवायचीच नाही. जोडायला वेगळी चिकटपट्टी मिळते, सेलोटेपचा गोंद पाझरून शेजारचे वेढे चिकटवतो. आणि तंत्रज्ञाला काम देताना पहिली अट घालायची: आधी जसं आहे तसं उतरवा, साफसफाई नंतर, वेगळ्या प्रतीत.

पावसाळ्यात टेपांना हात लावू नये असं दोघा-तिघांनी सांगितलं, म्हणून खोक्यांत सिलिका जेलच्या पुड्या घालून आम्ही थांबलो. ते चार महिने वह्या वाचण्यात गेले. रोज रात्री जेवणं झाल्यावर बाबा वाचायचे आणि मी तारीख, गाव, नाटक, स्वर असं संगणकावर तक्त्यात उतरवायचे. गणपतीपर्यंत 1,140 प्रयोग उतरवून झाले. बाबा कधीकधी एखाद्या ओळीवर थांबायचे आणि चष्मा पुसायचे. मी पुढची ओळ विचारायचे नाही.

ऑगस्टमध्ये पुण्यातच एक ध्वनितंत्रज्ञ काका भेटले, सत्तरीच्या पुढचे. त्यांची स्पूल यंत्रं त्यांनी स्वतः दुरुस्त करून ठेवली आहेत. दर ठरला तो स्पुलाला तासामागे 1,800 रुपये, कॅसेटला नगामागे 350, तबकडीला बाजूमागे 250. त्यांनी कामाआधी मला शेजारी बसवून समजावलं. तबकड्या लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट लावलं तर लाख विरघळते, त्यामुळे घरी पुसत बसू नका. त्यांना सुईही जाड लागते, एलपीची सुई चालत नाही. लेबलाजवळच्या कोऱ्या भागात जो आकडा कोरलेला दिसतो तो लिहून घ्या, मुद्रण कधीचं ते ठरवायला त्याचा उपयोग होतो. टेप 96 किलोहर्ट्झ, 24 बिट अशा वरच्या दर्जावर उतरवायची, एमपी3 ही फक्त घरच्यांना ऐकवायची प्रत.

ऑक्टोबरपासून फेब्रुवारी 2025पर्यंत मी दर दुसऱ्या शनिवारी त्यांच्याकडे जात होते. तबकड्या आधी झाल्या. त्यावरची पदं आम्हाला पाठ होती. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावतात, त्यामुळे पद कसं बसवायचं तर मुखडा, एक अंतरा, चार ताना, संपलं. लहानपणापासून मला वाटे की आजी एवढंच गायची. मग पहिलं स्पूल लागलं. तेच पद रंगमंचावर अकरा मिनिटं चाललं होतं. वन्समोअर आला, तिने पुन्हा मुखडा धरला, पण दुसऱ्यांदा तसाच नाही धरला. समेच्या अलीकडे एक श्वास थांबली आणि प्रेक्षकांतून कुणीतरी “वाऽऽ” म्हटलं ते स्पष्ट ऐकू येतं. तबकड्यांवरून जे कलावंत आपण ओळखतो, त्यांचं खरं गाणं असं स्पुलांत, कुणाच्या तरी माळ्यावर असेल. मला तर आता प्रत्येक बंद वाडा बघून तसंच वाटतं.

पाचव्या स्पुलाला घोळ झाला. आजीचा आवाज ओळखीचा, पण कुठेतरी वेगळा. काकांनी पेटीवर सूर लावून पाहिला, तो पांढरी पाचच्या आसपास, म्हणजे काळी चारच्या एक पट्टी खाली आणि काळी तीनच्या एक पट्टी वर, येत होता. तबकड्यांवरून त्यांना माहीत होतं की आजी काळी चारमध्ये गाते. तेव्हा टेप हळू चालतेय असं धरून त्यांनी वेग थोडा वाढवून पाहिला. आवाज पोरसवदा झाला. मी तक्ता उघडला. गाठोड्यावरून वर्ष 1961, नाटक मानापमान, तेव्हा नोंदी तीनच निघाल्या. त्यांतली एक अशी: “घसा बसलेला. काळी तीन धरली. दिवे मंद.” काकांनी ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाले, “दिवे मंद म्हणजे व्होल्टेज कमी. यंत्र हळू फिरलं. हळू भरलेली टेप आज नीट वेगाने लावली की सूर चढतो. आपल्याला वर नाही, खाली जायचंय.” वेग उतरवून काळी तीन जुळवली, आणि खोलीत आजी आली. बसलेल्या घशाची, जपून गाणारी, वरच्या षड्जाला न जाता त्याच्या अलीकडूनच वळणारी. तीन वाक्यांच्या त्या नोंदीखेरीज हे कुणालाही कळलं नसतं, आणि तीच वही ‘घरगुती हिशेब’ ठरली होती. अर्थात जशीच्या तशी उतरवलेली मूळ फाइल वेगळी ठेवली आहेच, वेग बदललेली प्रत निराळी.

सातवं स्पूल ऐकायला बाबाही आले होते, 23 नोव्हेंबरला. संशयकल्लोळ, 1960, इचलकरंजी. आजोबा आश्विनशेठ, आजी रेवती. दुसऱ्या पदाच्या मध्यावर मागून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येतो, आधी बारीक, मग मोठा. आजीची तान संपत आली होती, ती तिने संपवलीच नाही, आणखी एक फेरा घेतला, मग आणखी एक. तेवढ्यात पावलांचा आवाज, कुणीतरी मुलाला उचललं असावं. पद सुटताच आजोबांनी भाषण लगेच उचललं, मध्ये एक श्वासही जाऊ दिला नाही. वहीत त्या तारखेला लिहिलं होतं: “बाळ विंगेत रडला. अंतरा लांबवला. ह्यांनी सांभाळून घेतलं.” तेव्हा बाबा तीन वर्षांचे होते. ते काही बोलले नाहीत. काकांनी टेप थांबवली आणि चहा टाकायला आत गेले.

हे सगळं आम्हाला ऐकायला मिळालं ते सांगलीच्या एका डॉक्टरांमुळे. ते नाटकवेडे होते. त्यांच्याकडे ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर होता, आणि आसपासच्या गावी प्रयोग असला की तो घेऊन ते विंगेत बसत. प्रत काढून आजीला देत. त्यांच्या मुलाला भेटायला मी डिसेंबरात सांगलीला गेले, कारण कायद्याने ध्वनिमुद्रण ज्याने केलं त्याचा त्यावर हक्क असतो, गाणाऱ्याचा वेगळा आणि पद लिहिणाऱ्याचा आणखी वेगळा. हे मला आधी ठाऊक नव्हतं. त्या घरी कळलं की डॉक्टरांची स्वतःची सगळी स्पुलं तळमजल्यावर होती, आणि ऑगस्ट 2019च्या महापुरात कृष्णेचं पाणी त्यांच्या छताला लागलं. काही उरलं नाही. आमच्या ट्रंकेतली अकरा तेवढी राहिली. मुलाने संमतिपत्रावर तिथल्या तिथे सही केली आणि एवढंच मागितलं की वडिलांचं नाव सूचीत यावं. ते प्रत्येक स्पुलाच्या नोंदीत घातलं आहे.

हक्कांचं थोडक्यात सांगते, कारण यात बरेच जण अडकतात. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. देवल 1916मध्ये गेले, गडकरी 1919मध्ये, खाडिलकर 1948मध्ये, त्यामुळे त्यांचं लेखन कधीच मोकळं झालं आहे. विद्याधर गोखले 1996मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या नाटकांतली पदं 2056 संपेपर्यंत मोकळी नाहीत. प्रसिद्ध झालेल्या तबकडीची मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं. गाणाऱ्याचा सादरीकरणाचा हक्क 50 वर्षं. पत्रांचं तर लक्षातच येत नाही: पत्राचा कागद आपला, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. म्हणून आजीला इतर कलावंतांनी लिहिलेली पत्रं संस्थेत बसून वाचता येतील, जालावर टाकता येणार नाहीत, असं आम्ही करारात लिहिलं.

जानेवारी 2025मध्ये दुसऱ्या संस्थेशी बोलणं सुरू झालं. चौकशी करताना काय काय आहे ते कळत गेलं. मुंबईत एनसीपीए या कला-केंद्राचा ध्वनिसंग्रह आहे. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं, 1982मध्ये सुरू झालेलं, संगीत-संग्रह केंद्र आहे. तबकड्यांसाठी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची माणसं फार आपुलकीने मार्ग दाखवतात. आम्हाला मात्र आत्याला रिक्षाने जाता येईल अशी जागा हवी होती, म्हणून पुणेच. तिथल्या संग्रहपाल बाईंनी पहिल्या भेटीत तबकड्यांना हातही लावला नाही. वही मागितली, खिडकीशी नेऊन उभ्याने चार पानं वाचली, आणि विचारलं, “अशा किती आहेत?” मला तिथेच ठरल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचे सहा महिने कागदांचे. देणगीचा करार करायचा तर सगळ्या वारसांची संमती हवी. आत्या, बाबा, दिवंगत काकांच्या मागे काकू आणि न्यू जर्सीतला चुलतभाऊ. आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले, काकांचा दाखला, सगळ्यांची आधार कार्डं, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र. आजीच्या दाखल्यावर सासरचं नाव, करारपत्रांवर रंगभूमीवरचं नाव. ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे हमखास निघतं, तेव्हा दोन्ही नावं असलेला एखादा कागद आधीच शोधून ठेवा. आमच्याकडे आकाशवाणीचं एक जुनं करारपत्र निघालं, त्यात कंसात दोन्ही होती. चुलतभावाचं संमतिपत्र तिकडे नोटरी करून, मग त्यांच्या राज्याकडून अपोस्टीलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा, शिक्का घेऊन कुरिअरने आलं. यात सात आठवडे गेले. पहिल्या वेळी स्पेलिंग चुकलं म्हणून पुन्हा करावं लागलं. मसुदा पाठवताना पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

करार 500 रुपयांच्या स्टँप पेपरवर, नोटरीसमोर, 19 जुलैला झाला. त्यातली तीन कलमं आम्ही आग्रहाने घातली. पहिलं, हा संग्रह दोघांच्या नावाने एकच राहील, फोडला जाणार नाही. दुसरं, वही आणि तिच्या गाठोड्यातलं स्पूल यांचे क्रमांक सूचीत एकमेकांशी जोडलेले असतील. तिसरं, संस्थेने जागा बदलली किंवा काम बंद केलं तर आधी वारसांना कळवायचं. वकिलांनी तिसऱ्यावर महिनाभर घेतला, पण मान्य केलं.

खर्चाचा आकडा सगळे विचारतात. स्पुलं 14 तासांची निघाली, त्यांचे 25,200. कॅसेटी 13,300. तबकड्या 4,500. खोके-फोल्डर 7,400. दोन हार्ड डिस्क 12,400, एक माझ्याकडे, एक चुलतभावाकडे, कारण दोन्ही प्रती एका घरात ठेवायच्या नसतात. स्टँप, नोटरी, अपोस्टील, कुरिअर 6,900. प्रवास सुमारे 14,000. एकूण 83,700. तिन्ही घरांनी वाटून घेतले. वेळेचा हिशेब मी ठेवला नाही.

आत्याचं एक राहिलं होतं. 1964च्या उन्हाळ्यात आजोबा एकटेच विदर्भाच्या दौऱ्यावर गेले होते, तेव्हाची तेवीस अंतर्देशीय पत्रं. ती ट्रंकेत नव्हती, आजीने जाण्याआधी आत्याच्या हातात दिली होती. त्या वर्षीच्या वहीत चार महिने एकही ओळ नाही. आत्याने ती पत्रं आम्हाला कधी वाचायला दिली नाहीत, आणि आम्हीही मागितली नाहीत. संग्रह द्यायचा दिवस ठरला, 11 ऑक्टोबर. आदल्या रात्री तिने मला विचारलं, “बंद पाकीट घेतात का गं ते?”

मी संग्रहपाल बाईंना फोन केला. घेतात. किती वर्षं उघडायचं नाही ते लिहून द्यायचं, त्याची करारात पुरवणी होते, आणि पाकिटाला वेगळा क्रमांक मिळतो. तुमच्याही घरात देववत नाही आणि टाकवत नाही असं काही असेल, तर ही सोय विचारून घ्या. आम्हाला ती एकवीस महिन्यांत कुणी सांगितली नव्हती, आम्हीही विचारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आत्या इरकल नेसून आली. सतरा वह्या, नकला, तबकड्या, स्पुलं यादीशी ताडून घ्यायला साडेतीन तास लागले. प्रत्येक नगापुढे दोन सह्या. सगळ्यात शेवटी तिने पिशवीतून खाकी पाकीट काढलं. लाखेचा शिक्का तिने घरीच केला होता. बाईंनी तारीख विचारली. आत्या म्हणाली, “1 जानेवारी 2046. तोवर आमच्यातलं कुणी नसेल.” बाईंनी ते पेन्सिलीने पाकिटावर लिहिलं, पावती फाडली, आणि पाकीट 1964च्या वहीशेजारी ठेवलं.